बाबांच्या स्वराखाली

"मीठ नाही याच्यात!"

बाबांनी चमचा असा आपटला की सुपाचे शिंतोडे टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत उडाले. आईने हातातला पाव तसाच धरून छोटीकडे पाहिलं, आणि छोटीने मान खाली घालून आपल्या वाटीत पाहिलं… कारण सुपात मीठ होतं. चांगलं सढळ होतं. इतकं, की त्या दोघी मायलेकी घोटाघोटाला पाणी पीत होत्या!

"तीनदा घातलंय," आई म्हणाली. "आता आणखी घातलं तर समुद्रच वाढल्यासारखं होईल. अहो, तुमच्या जिभेलाच काहीतरी झालंय. डॉक्टरांना दाखवा म्हणून मी कधीची—"

"माझ्या जिभेला काही झालेलं नाही! या घरातच सगळं अळणी झालंय. सूप अळणी, आणि हिचं वाजवणं त्याहून अळणी!"

हिचं म्हणजे छोटीचं. छोटी एक्केचाळीस वर्षांची होती, कानशिलांवर रुपेरी तारा डोकावायला लागल्या होत्या, पण घरात, गल्लीत आणि शहराच्या वाद्यवृंदात ती छोटी ती छोटीच राहिली. वाद्यवृंदात पहिल्या क्लॅरिनेटच्या खुर्चीवर अडतीस वर्षं बाबा बसत होते, ज्यांना सगळं शहर 'मास्तर' म्हणायचं, आणि दुसऱ्या खुर्चीवर एकोणीस वर्षं छोटी. ड्रमवाले काका गमतीने म्हणत, "मास्तरांना शिंक आली तरी आधी छोटी रुमाल काढते!" सगळे हसत. छोटीही हसे. त्या चेष्टेत किती खरं दडलेलं आहे, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"ऐक," बाबा म्हणाले. आवाज खाली आला होता, आणि त्यांचा खाली आलेला आवाज चढलेल्या आवाजापेक्षा जास्त लागायचा. "शनिवारच्या कार्यक्रमात तो तुकडा मी एकटा वाजवणार आहे. संचालकांना सांगून आलोय. तू मागच्या रांगेत बसायचं."

छोटीने हातातला पेला खाली ठेवला.

"बाबा… नको."

"का नको? चार वर्षं गोचिडीसारखी चिकटून बसलीयस माझ्या सोलोला! चौतीस वर्षं जो तुकडा माझा एकट्याचा, तो एके दिवशी अचानक दोघांचा झाला. का, तर म्हणे भरदारपणा येतो! मला काय कळत नाही? तू जाऊन रडलीस संचालकांपाशी. मलाही द्या, मलाही द्या! मागायचंच होतं तर बापाकडे मागायचंस. मी हसत दिला असता, अगदी हसत! चोरून का घेतलास?"

आई काहीतरी बोलायला गेली. छोटीने टेबलाखालून तिचा हात घट्ट दाबला. आणि म्हणाली,

"चुकलं बाबा."

हे 'चुकलं' तिने चार वर्षं मनात घोकून ठेवलं होतं… कारण कधीतरी हा आरोप येणार, हे तिला माहीत होतं. आणि त्याचं खरं उत्तर देण्यापेक्षा तिने स्वतःची जीभ तोडून हातावर ठेवली असती!

खरं उत्तर असं होतं.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती असते, तिला रीड म्हणतात. फुंकर पोटातून येते, स्वर बोटांनी ठरतो, पण प्रत्येक स्वराचा आरंभ होतो तो जिभेच्या टोकापाशी. टोक रीडला हलकेच टेकतं, सुटतं, आणि स्वर जन्मतो. टेकतं, सुटतं… टेकतं, सुटतं… जलद तुकड्यात डोळ्याचं पातं लवायच्या आत पाच-सहा वेळा. ते टोक चपळ असेल तर स्वर मोत्यासारखे सुटे पडतात. ते जड झालं, की माळ तुटल्यासारखे सगळे एकमेकांत घरंगळतात.

चार वर्षांपूर्वी तालमीत छोटीच्या कानांना ते पहिल्यांदा जाणवलं. बाबांचा सूर तसाच होता, उबदार, गोल, काळजात उतरणारा. बोटंही तीच. पण त्या प्रसिद्ध तुकड्यात स्वर सुटे पडेनात. तिने संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांनाही कळलं होतं!

"छोटी," तालीम संपल्यावर ते तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाले होते, "पुढच्या महिन्यात कुणाला कुठल्या खुर्चीवर ठेवायचं ते ठरवणारी समिती ऐकायला बसेल. मास्तरांना हे सांगायचं कसं गं? त्यांच्या हाताखाली मी शिकलो…"

"सांगू नका, सर. तो तुकडा दोघांचा करा."

आणि मग तिने जे केलं ते कुणी कुणासाठी केलं नसेल! बाबांच्या प्रत्येक स्वराच्या आरंभी ती फक्त आरंभ वाजवू लागली. नुसतं टोक, नुसता स्पर्श. त्यामागचा सूर तिने दाबला, मारला, इतका बारीक केला की तो बाबांच्या सुरात विरघळून जावा आणि ऐकणाऱ्याला वाटावं, मास्तरांचा एकेक स्वर काय सुटा पडतो, वा! सूर बाबांचा, टोक लेकीचं. सकाळी बाबा फिरायला गेले की ती खिडक्या लावून तेवढंच घोटायची. सूर न लावता वाजवणं! जगात कुठला वादक असं घोटतो?

त्याची किंमत तिला दोन वर्षांनी कळली. दुसऱ्या एका मोठ्या शहराच्या वाद्यवृंदाने तिला पहिल्या खुर्चीसाठी बोलावलं, आणि ती आईला सांगून, बाबांना न सांगता जाऊन आली. वाजवायला बसली आणि सूर भरेचना! ती फुंकत होती, जीव ओतून फुंकत होती, पण दोन वर्षं मुरगळलेला गळा एका दिवसात कसा मोकळा व्हावा? समोर ऐकायला बसलेल्या बाई हळुवारपणे म्हणाल्या, "जीभ फार सुंदर आहे तुमची. सूर मात्र बारीक आहे हो." ती परत आली आणि बाबा म्हणाले, "दोन दिवस कुठे होतीस? हिला ना कशाची आस, ना ईर्ष्या. मागे कधीतरी सूर बरा होता, तोही घालवला. माझ्या पोटी अशी कशी जन्मली कोण जाणे!"

 आईने त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले होते.

मंगळवारी सकाळी तालमीला छोटी मागच्या रांगेत बसली. शेजारच्या बासरीवाल्या मुलीने "इकडे कशा?" म्हणून विचारलं. छोटी "बदल म्हणून" एवढंच म्हणाली. संचालकांनी छडी उचलली. तिच्याकडे एकदा पाहिलं, फक्त एकदा, आणि त्या नजरेत मदतीची केवढी याचना होती! पण ती काय करणार? मागच्या रांगेतून बाबांच्या ओठांपर्यंत पोहोचणार तरी कशी?

तुकडा आला. सगळी वाद्यं थांबली. बाबा एकटे उठले.

पहिला दीर्घ स्वर इतका देखणा लागला की छोटीला क्षणभर वाटलं, आपणच वेडे, बाबांना काही झालेलंच नाही… आणि मग जलद भाग सुरू झाला. स्वर एकमेकांवर पडले. एकाच्या पायात दुसरा अडकला, तिसरा दोघांना घेऊन घसरला. ओल्या कागदावर शाई पसरावी तसं झालं सगळं! बाबा मध्येच थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. ड्रमवाले काका, जे थडग्यातही विनोद केल्याशिवाय राहिले नसते, ते मान खाली घालून आपल्या काठ्या पुसत बसले.

बाबांनी रीड काढली. उजेडात धरली. त्यांच्या रीड्स छोटीच घासून हव्या तेवढ्या पातळ करायची, लहानपणापासून. तिच्याइतकी बारीक घासणी कुणाला जमत नाही, असं बाबाच सांगायचे.

"ही रीड कुणी घासली?"

मागे कुणाच्या तरी खुर्चीचा पाय करकरला.

"मी," छोटी म्हणाली.

"एकट्याने वाजवू द्यायचं नव्हतं म्हणून? बापाची नाचक्की व्हावी म्हणून?"

किती सोपं होतं तेव्हा! एक वाक्य, फक्त एक वाक्य, आणि चाळीस वादकांसमोर तिच्यावरचा डाग धुऊन निघाला असता. संचालक अर्धे उठलेही होते. "मास्तर, ऐका, छोटीने—"

"हो बाबा," छोटी मध्येच म्हणाली, घाईने, जवळजवळ ओरडून. "रीड माझ्याकडून बिघडली. लक्ष नव्हतं माझं. चूक माझी आहे!"

संचालक खाली बसले. बाबांनी ती पत्ती दोन बोटांत मोडली.

"आजपासून माझ्या वाद्याला हात लावायचा नाही."

पण संन्याशाला फाशी दिली म्हणून चोर थोडाच सापडतो? बाबांनी दुकानातून नव्या रीड्सची अख्खी पेटी आणली. बुधवार संपेपर्यंत पेटी रिकामी झाली. बंद दारामागून छोटीला ऐकू येत होतं. दीर्घ स्वर, सुंदर, अखंड… आणि मग ती घसरगुंडी. पुन्हा. पुन्हा. जेवताना त्यांनी जीभ चावली, रक्त आलं, आणि घास घशात अडकून एवढा ठसका लागला की आई घाबरून रडायलाच लागली.

"आता नाही ऐकायची मी! उद्या डॉक्टर म्हणजे डॉक्टर. माझे गुडघे चालत नाहीत, छोटी येईल बरोबर. तिच्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू, डॉक्टरांशी बोला!"

गुरुवारी दुपारी बाबा तपासणीच्या खुर्चीत बसले, आणि छोटी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर. डॉक्टरीणबाई छोटीहून थोड्या मोठ्या असतील, हसऱ्या, बडबड्या.

"आ करा, मास्तर. जीभ बाहेर. आणखी. अहो, लाजताय काय, शाळेत दाखवत असाल की नाही बाईंच्या पाठीमागे?"

छोटीने आयुष्यात पहिल्यांदा बाबांची जीभ पाहिली. मधोमध खोल चीर होती आणि तिला फुटलेल्या बारीक भेगा, उन्हाने तडकलेल्या तळ्यासारख्या. कडांवर दातांचे ठसे. आणि टोक… ते टोक गुळगुळीत, चकचकीत, नदीतल्या गोट्यासारखं. डॉक्टरांनी जीभ वर उचलायला सांगितली तेव्हा खाली निळ्या-जांभळ्या शिरा फुगलेल्या दिसल्या. छोटीला वाटलं आपण पाहू नये, बापाचं काहीतरी उघडं पडलंय… तिने नजर वळवली.

"कशाला घाबरताय, आजार काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वय आहे. केस पिकतात ते दिसतं, जीभही पिकते, ते कुणी बघत नाही. वरचे हे बारीक दाणे झिजतात, त्यांच्यातच चव असते, म्हणून मग मीठ कमी वाटतं. आतला स्नायू बारीक होतो, त्याच्या धाग्यांमध्ये चरबी साचते. वरून बघायला तेवढीच, पण आतून सैल. कुणाचं कमी होतं, कुणाचं जास्त. हा रबरी फुगा टाळूवर जिभेने दाबा बरं."

बाबांनी दाबला. फुग्याला नळीने जोडलेल्या मापकाच्या काट्याकडे पाहून डॉक्टर "हं" म्हणाल्या.

"आता माझ्याबरोबर म्हणा, ट-ट-ट-ट-ट, जितकं भराभर जमेल तितकं, मी थांब म्हणेपर्यंत."

"ट-ट-ट-ट—" बाबांनी सुरुवात केली. चार-पाच नीट आले. मग एक ओला झाला. मग दोन एकात शिरले. मग त्यांची जीभ चिखलात पाय ओढावा तशी टाळूवरून ओढली जाऊ लागली. डॉक्टरांनी हात वर केला.

"असं किती वर्षं असेल?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी लहान होता.

"एका दिवसात नाही होत हे. पाच वर्षं तर सहज. बोलताना कळत नाही, पण भराभर काही करायचं म्हटलं की… थांबा, तुम्ही तर क्लॅरिनेट वाजवता!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "गेल्या महिन्यात आम्ही सगळे आलो होतो की! तो तुकडा, काय सुटे स्वर हो, एकेक टिपून घ्यावा असा! मी घरी जाऊन मुलांना म्हटलं—"

छोटी खोकली. जोरात. पिशवी मांडीवरून पाडली. "डॉक्टर, औषध काही…? उशीर होतोय आम्हाला…"

पण डॉक्टर थांबल्या होत्या. आपल्या हातातल्या मापकाकडे बघत होत्या. काहीतरी जुळत नव्हतं, आणि ते त्यांच्या भोळ्या तोंडून निसटलंच. "पण मग… या जिभेने ते कसं वाजवलंत तुम्ही?"

 बाबांनी हळूच मान वळवली आणि कोपऱ्यात पाहिलं. छोटी जमिनीवर गुडघे टेकून कागद गोळा करत होती. तिला वर बघायचं धाडस होत नव्हतं… त्या एका नजरेपासून तर तिने चार वर्षं त्यांना जपलं होतं!

दोघं घरी आले. बाबा त्यांच्या खोलीत गेले. आईने "काय म्हणाले?" विचारलं, छोटीने नुसती मान हलवली. तासाभराने बाबा तिच्या दारात उभे राहिले. हात दाराच्या चौकटीवर. एवढे खांदे कधी उतरले यांचे?

"वाजव," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"तो तुकडा. एकटी वाजव. चार वर्षांत तुला एकटीला ऐकलेलंच नाही मी. माझ्याशिवाय कसं ऐकू येतं, ते ऐकू दे."

"नको ना, बाबा…"

"वाजव म्हणतो ना!"

तिने वाजवलं. स्वर सुटे पडले, एकेक, धारदार, निर्दोष. आणि त्यांच्या मागे सूर नव्हता. पोकळ होते ते. टोकं होती, देह नव्हता! बाबांनी अर्ध्यातच हात वर केला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"कुठे गेला गं?" ते म्हणाले. "पंधरा वर्षांची होतीस तेव्हा लावायचीस तो सूर… मी जिन्यात उभा राहून ऐकायचो, तुला कळू न देता. कुठे गेला तो?"

"तुमच्या सुराखाली ठेवला होता, बाबा. वर आला असता तर लोकांना दोन ऐकू आले असते."

"आणि तू बाहेरगावी गेली होतीस, दोन दिवस… आईने सांगितलं आत्ता. तिथेही हाच?"

छोटीने मान डोलावली.

"मला सांगायचंस, छोटी! एकदा सांगायचंस, म्हाताऱ्या, उठ त्या खुर्चीवरून! मी काय मेलो असतो?"

"हो," छोटी म्हणाली. आणि आता तिलाही रडू आवरेना. "मला वाटलं, हो."

 बाबा येऊन तिच्या पलंगावर बसले, आणि चोर म्हणालो, गोचीड म्हणालो, असं स्वतःशी पुटपुटत राहिले, आणि छोटीने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. आई दारातून आत आली नाही. पदर तोंडाला लावून तिथेच उभी राहिली.

"परत येईल का तो?" छोटीने विचारलं.

"रोज सकाळी दीर्घ स्वर. मी बसेन समोर. फुंकायला अजून येतं मला." बाबा थांबले. त्यांनी तिला आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं. "पूर्वीसारखा येईलच, असं नाही."

शनिवारी पहिल्या खुर्चीवर छोटी बसली, आणि मास्तर पहिल्यांदाच समोर, प्रेक्षकांत, आईच्या शेजारी. तुकडा तिने एकटीने वाजवला. चूक एकही झाली नाही. टाळ्या पडल्या, पण त्या सभ्यपणाच्या टाळ्या होत्या. छोटीला त्यांतला फरक कळत होता.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या दालनात गर्दी झाली. ती वाद्याची पेटी घेऊन बाबांपर्यंत पोहोचली तेव्हा एक जुने श्रोते, वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत बसणारे, बाबांचा हात हातात घेऊन बोलत होते. आजूबाजूला दहा-बाराजण. ड्रमवाले काकाही होते.

"राग मानू नका मास्तर, पण पोरीला तुमची सर नाही. बारीक वाटतो हो सूर. तुमचे ते सुटे स्वर… अहाहा! गेल्या महिन्यातले अजून कानात आहेत. ते आता गेले ते गेलेच!"

छोटी पुढे झाली. "खरंय काका," ती हसून म्हणणारच होती, "बाबा ते बाबाच."

बाबांनी तिच्यापुढे हात आडवा धरला.

"ते स्वर," ते म्हणाले, आणि दिवसभराच्या दगदगीने त्यांची जीभ अडखळली. लोक वाट पाहू लागले. बाबांचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, आणि शब्द टाळूला चिकटून राहिला. छोटीला तो शब्द माहीत होता. तो तिच्या जिभेच्या टोकावर तयार होता. मंगळवारची ती तालीम सोडली, तर चार वर्षांत असा एकही क्षण आला नव्हता, जेव्हा बाबा अडखळले आणि तिने ती जागा भरली नाही.

ती गप्प उभी राहिली.

"हिचे," बाबा म्हणाले. मग धाप टाकून, एकेक शब्द जोर लावून वेगळा करत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चार… वर्षं… हिचे… होते."